‘सेवा तोवा’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील 88व्या वर्षी वारले. दफनविधीच्या वेळी पाळकांनी बायबलमधलं उत्पत्ती 25:8 वाचलं. अब्राहाम ‘सेवा तोवा’ म्हणजे ‘चांगल्या म्हातारपणी’ गेला, तसेच तुमचे वडील गेले, असं ते म्हणाले. घरच्यांना आता हे दोन हिब्रू शब्द कबरीच्या दगडावर कोरून घ्यायचे आहेत. तुमचं मन मात्र अडतंय. वडिलांची शेवटची पाच वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर गेली, अखेरीस माणसं ओळखेनाशी झाली. मग ‘चांगलं म्हातारपण’ कोरणं म्हणजे दगडावर खोटं लिहिणं होत नाही का? आणि मूळ शब्दाचा अर्थ तरी काय?

मी गेली 28 वर्षं बायबलची हिब्रू शिकवते आहे आणि हा शब्द दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धड्यात भेटतो. उत्तर लांब होईल, पण मुद्दा आधीच सांगून टाकते: ते शब्द कोरलेत तर खोटं होणार नाही. ‘तोवा’चा, म्हणजे ‘चांगलं’चा, संबंध तब्येतीशी नाही. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही, बायबलमध्ये हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे तसंच दिसतं.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. देवनागरीत लिहिलं की हा शब्द हुबेहूब आपल्या ‘सेवा’सारखा दिसतो. त्यामुळे ‘चांगली सेवा केलेला माणूस’ असा अर्थ लावून केलेली प्रवचनं मी ऐकली आहेत. दोन्ही शब्दांचा काडीचाही संबंध नाही. आपला ‘सेवा’ संस्कृतातला. हिब्रू ‘सेवा’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ केस पांढरे होणं. अरबीत याच धातूचा ‘शैब’ म्हणजे पांढरे केस. प्राचीन बाबेलच्या अक्कादी भाषेत ‘शीबू’ म्हणजे पिकल्या केसांचा माणूस, आणि तोच शब्द ‘साक्षीदार’ या अर्थानेही चालायचा. अरामी भाषेत ‘सावा’ म्हणजे म्हातारा. आज इस्राएलमधली नातवंडं आजोबांना ‘सबा’ म्हणतात ते तिथूनच आलं.

म्हणजे ‘सेवा’ हे मुळात म्हातारपण नव्हे, ते पिकलेलं डोकं आहे. बायबलच्या हिब्रूत म्हातारपणासाठी जे शब्द आहेत ते बहुतेक असेच, डोळ्यांना दिसणारे किंवा हाताला लागणारे. ‘झाकेन’ म्हणजे म्हातारा आणि ‘झाकान’ म्हणजे दाढी, दोन्हींची अक्षरं तीच. अब्राहामाची बायको सारा स्वतःबद्दल बोलते तेव्हा ‘बाला’ हे क्रियापद वापरते (उत्पत्ती 18:12). ते एरवी कपड्यांसाठी येतं. अरण्यातल्या चाळीस वर्षांत इस्राएल लोकांचे कपडे जीर्ण झाले नाहीत असं बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात म्हटलं आहे तिथे हेच क्रियापद आहे, आणि यहोशवाच्या पुस्तकात गिबोनी लोक फसवायला म्हणून जुनी, विरलेली पादत्राणं नि द्राक्षारसाचे फाटके बुधले घेऊन येतात तिथेही तेच. ‘मी विरून गेले आहे’ असं सारा म्हणते. नव्वदीच्या उंबरठ्यावरची बाई स्वतःकडे जुन्या लुगड्यासारखं पाहते आहे. शिवाय ‘बा बय्यामीम’ असा एक वाक्प्रचार आहे, शब्दशः ‘दिवसांत आलेला’. याला मराठी जोड द्यायची तर ‘वयात येणं’ जवळचं वाटतं, पण आपण ते तारुण्यासाठी राखून ठेवलं आहे.

‘झाकेन’बद्दल माझी एक चूक कबूल करते. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मी वर्गात ठामपणे सांगितलं की दाढीवरून आलेला शब्द असल्यामुळे तो मनाने पुरुषांचाच आहे. एका विद्यार्थिनीने शांतपणे जखऱ्या 8:4 उघडून दाखवलं. यरुशलेमच्या रस्त्यांवर पुन्हा ‘झकेनीम’ आणि ‘झकेनोत’, म्हातारे आणि म्हाताऱ्या, बसतील, फार दिवस जगल्यामुळे प्रत्येकाच्या हातात काठी असेल. रूथच्या पुस्तकात तिची सासू नामीही याच धातूचं क्रियापद स्वतःसाठी वापरते, ‘मी आता लग्नाच्या वयाची राहिले नाही’ असं सांगताना. शब्द दाढीतून निघाला असेल, पण लोकांच्या तोंडी रुळता रुळता दाढी मागे राहिली. शब्दाचं मूळ सांगणं आणि शब्दाचा अर्थ सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी त्या दिवशी शिकले. म्हणून ‘सेवा’च्या बाबतीतही मुळावर थांबत नाही, वापराकडे जाते.

याच ‘झाकेन’पासून ‘झिकना’ हे नाम झालं: म्हातारपण, वार्धक्य. बायबलमध्ये ते मोजून सहा वेळा येतं, ‘सेवा’ वीसेक वेळा. दोन्हींचं भाषांतर बऱ्याचदा एकच होतं, आणि तिथेच मराठी वाचकाच्या हातून काहीतरी निसटतं.

‘झिकना’ कुठे येतं पाहा. शलमोनाच्या म्हातारपणी त्याच्या बायकांनी त्याचं मन परक्या देवांकडे वळवलं (1 राजे 11:4). आसा राजाला म्हातारपणी पायांचा रोग जडला (1 राजे 15:23). स्तोत्र 71:9 मध्ये भक्त विनवतो, ‘अल तश्लिखेनी लेएत झिकना’, म्हातारपणाच्या वेळी मला टाकून देऊ नकोस, माझी शक्ती सरेल तेव्हा मला सोडू नकोस. यहुदी लोक योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासनेत ही ओळ अनेकवचनात म्हणतात, ‘आम्हांला टाकून देऊ नकोस’. ती ओळ म्हणताना तरुण माणसांचे डोळेही भरून येतात. ‘झिकना’ ही माणसाला आतून सोसावी लागणारी गोष्ट आहे: शक्ती सरणं, पाय जाणं, मन वाकणं. तुमच्या वडिलांची ती पाच वर्षं म्हणजे ‘झिकना’.

‘सेवा’ दुसऱ्यांना दिसते. किंबहुना ज्याची असते त्याला ती कधी कधी दिसतही नाही. होशेय संदेष्टा इ.स.पूर्व आठव्या शतकात उत्तरेच्या राज्याबद्दल म्हणतो: परक्यांनी त्याचं बळ खाल्लं तरी त्याला कळलं नाही, ‘त्याच्यावर सेवा शिंपडली गेली आणि त्याला कळलं नाही’ (7:9). क्रियापद ‘शिंपडणे’चंच आहे, वेदीवर रक्त शिंपडतात तेव्हाचं. इथे एकेक पांढरा केस डोक्यावर पडतो आहे, शेजारीपाजारी पाहत आहेत, आणि ज्याचं डोकं त्याला पत्ता नाही.

इतरांना दिसते म्हणूनच तिच्यापुढे उभं राहायची आज्ञा आहे. लेवीय 19:32: ‘मिप्नेय सेवा ताकूम, वहादर्ता पनेय झाकेन.’ पिकल्या केसांसमोर उठून उभा राहा, म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला मान दे. मूळ वाक्यात ‘चेहरा’ दोनदा आहे. ‘हादार’ म्हणजे शोभा, तेज, राजाला असतं ते वैभव. नीतिसूत्रे 20:29 म्हणतं की तरुणांची शोभा त्यांचं बळ, आणि म्हाताऱ्यांचा ‘हादार’ त्यांची ‘सेवा’. आज्ञेचा भाव असा की जे वैभव त्या डोक्यावर आहेच, ते तू उठून उभा राहून मान्य कर. आज इस्राएलच्या बसमध्ये पुढच्या आसनांजवळ याच ओवीचे पहिले शब्द लिहिलेले असतात, आपल्याकडे ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव’ लिहितात त्या जागी.

या ओवीवरचा तालमूदमधला, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या (रब्बींच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथातला, वाद मला फार आवडतो. ‘सेवा’ म्हणजे कोणतंही पिकलेलं डोकं, की फक्त ज्ञानी माणसाचं? एक पक्ष म्हणतो, ‘झाकेन’ म्हणजे ‘झे काना होख्मा’, ज्याने ज्ञान मिळवलं तो. हा अक्षरांशी खेळून काढलेला अर्थ आहे, व्युत्पत्ती म्हणून तो टिकत नाही, पण विचार म्हणून शेकडो वर्षं टिकला. दुसरा पक्ष म्हणतो, मजकुरात ‘सेवा’ आहे, तेव्हा कोणतीही सेवा. रब्बी योहानान यांनी हा दुसरा पक्ष धरला. ते परधर्मीय म्हाताऱ्यांसमोरही उठून उभे राहत आणि म्हणत, या लोकांवरून काय काय प्रसंग गेले असतील! म्हाताऱ्याला काय येतं, तो कोण आहे, हे त्यांनी विचारलं नाही. केस पांढरे होईपर्यंत जे जे त्याच्यावरून गेलं त्याच्यासमोर ते उभे राहिले.

तुमच्या वडिलांना माणसं ओळखता येत नव्हती, म्हणून तालमूदमधली आणखी एक गोष्ट इथेच सांगते. आपत्तीमुळे ज्याचं शिकलेलं विसरून गेलं अशा म्हाताऱ्याला जपा, असं तिथे सांगितलं आहे, आणि कारण असं दिलं आहे: कराराच्या कोशात दगडी पाट्या ठेवल्या होत्या आणि मोशेने फोडलेल्या पहिल्या पाट्यांचे तुकडेही त्यांच्याच शेजारी ठेवले होते. अक्षरं वाचता येत नसली तरी तुकडे कोशातच राहिले.

आता ‘सेवा तोवा’. ही जोडी बायबलमध्ये तीन माणसांच्या वाट्याला आली: अब्राहाम, गिदोन आणि दावीद. या तिघांकडे नीट पाहिलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, म्हणून इथे जरा थांबते.

दावीदापासून सुरू करते, कारण त्याच्या शेवटच्या दिवसांची आपल्याकडे दोन वर्णनं आहेत. 1 राजे पहिल्याच ओवीत सांगतं: राजा दावीद म्हातारा, ‘दिवसांत आलेला’ झाला होता, त्याच्यावर पांघरुणं घातली तरी त्याला ऊब येईना. तिसाव्या वर्षी राजा झाला, चाळीस वर्षं राज्य केलं, म्हणजे सत्तर वर्षांचा. ज्याने गल्याथाला पाडलं त्याला आता अंथरुणात थंडी वाजते आहे आणि तो पडलेला असताना मुलगे सिंहासनासाठी भांडत आहेत. याच माणसाबद्दल 1 इतिहास 29:28 म्हणतं: तो ‘बसेवा तोवा’ मरण पावला, दिवस, धन आणि मान यांनी तृप्त होऊन. इतिहासकाराने दावीदाच्या थंडीचा उल्लेख टाळला आहे, हे खरं. पण ‘सेवा तोवा’ म्हणजे ठणठणीत म्हातारपण असं असतं, तर दावीदाची कथा ठाऊक असलेल्या वाचकांसमोर त्याला हे शब्द वापरता आले नसते.

गिदोनाबद्दल शास्ते 8:32 म्हणतं की तो ‘सेवा तोवा’ पावून मेला आणि बापाच्या कबरीत, अफ्रा गावी, पुरला गेला. पुढच्याच अध्यायात त्याचा मुलगा अबीमलेख भावंडांची कत्तल करतो. म्हणजे मागे राहिलेल्यांचं सगळं नीट झालं, असंही ‘तोवा’ सांगत नाही.

आणि अब्राहाम. हे शब्द त्याला आधी वचन म्हणून मिळतात, उत्पत्ती 15:15 मध्ये. त्याआधीच्या दोन ओव्यांत देव त्याला सांगतो की तुझे वंशज परक्या देशात चारशे वर्षं गुलामीत राहतील. त्या बातमीच्या लगेच पुढे: ‘तू मात्र शांतीने आपल्या पूर्वजांकडे जाशील, सेवा तोवामध्ये पुरला जाशील.’ मूळात ‘बशालोम’ आहे, शांतीने. ‘बशालोम’ आणि ‘बसेवा तोवा’ एकाच वाक्यात शेजारी शेजारी येतात आणि एकमेकांचा अर्थ उलगडतात. दहा अध्यायांनंतर, 175व्या वर्षी, ते वचन पुरं होतं, आणि पुढची ओवी सांगते की इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून त्याला मकपेलाच्या गुहेत पुरलं. ज्या मुलाला त्याने आईसह रानात घालवून दिलं होतं, तोही बापाला मूठमाती द्यायला हजर आहे.

एखाद्या शब्दाचा अर्थ कळत नसेल तर त्याच्या उलट काय आहे ते शोधा, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. ‘सेवा तोवा’ची उलट बाजू बायबलमध्ये ठळक आहे. याकोबाचा योसेफ गेला आहे, आणि आता मुलं बन्यामीनालाही मिसर देशी न्यायला निघाली आहेत. तो म्हणतो, वाटेत याचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही ‘माझी सेवा दुःखाने अधोलोकी उतरवाल’ (उत्पत्ती 42:38). हे वाक्य पुढे 44व्या अध्यायात दोनदा येतं, यहूदाच्या तोंडी. दावीद मरताना शलमोनाला यवाबाविषयी बजावतो: त्याची ‘सेवा शांतीने अधोलोकी उतरू देऊ नकोस’ (1 राजे 2:6), आणि शिमीविषयी: त्याची ‘सेवा रक्ताने अधोलोकी उतरव’ (2:9).

या सगळ्या वाक्यांत माणूस उतरत नाही, त्याचं पांढरं डोकं खाली उतरतं. खड्डा आहे, आणि त्यात पिकल्या केसांचं एक डोकं खाली जातं आहे. प्रश्न एकच विचारला जातो: ते कशाने उतरलं? दुःखाने, रक्ताने, की शांतीने? ‘तोवा’ हे त्या उतरण्याचं विशेषण आहे. पाय चालत होते का, जेवण जात होतं का, हे त्यात विचारलेलंच नाही. डोकं पिकण्याइतकं आयुष्य मिळालं, हिंसेने तुटलं नाही, मुलांच्या काळजीने काळवंडून गेलं नाही, आपल्या माणसांच्या हातून मातीत गेलं: हे ‘सेवा तोवा’.

वडिलांच्या त्या पाच वर्षांत त्यांचं कोण करत होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण पत्राच्या सुरावरून कळतं. त्यासाठीही एक ओवी आहे. रूथला मुलगा होतो तेव्हा बेथलेहेमच्या बायका नामीला म्हणतात की हा तुझा जीव परत आणील आणि ‘तुझ्या सेवेला सांभाळील’ (रूथ 4:15). क्रियापद ‘कलकेल’, त्यात खाऊपिऊ घालणंही आलं. योसेफ दुष्काळात बापाला आणि भावांना अन्न पुरवतो तिथे हेच क्रियापद आहे. आपण ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतो, हिब्रू बायका म्हणतात ‘पांढऱ्या केसांना भरवणारा’. भरवून, धुऊन, कूस बदलून ज्यांनी ती पाच वर्षं काढली, त्यांनी हेच केलं.

यशया 46 मध्ये तर यापुढचं पाऊल आहे. अध्यायाच्या सुरुवातीला बाबेलचे देव, बेल आणि नबो, जनावरांच्या पाठीवर लादले आहेत आणि जनावरं दमून वाकली आहेत. मग इस्राएलचा देव म्हणतो, तुम्हांला मी गर्भापासून उचललं आहे: ‘झिकनेपर्यंत मी तोच आहे, सेवेपर्यंत मी वाहून नेईन.’ इथे दोन्ही शब्द एकापुढे एक येतात, आधी आतून सोसायचं म्हातारपण, मग डोक्यावर दिसणारं. ‘वाहून नेईन’साठी ‘एस्बोल’ आहे, आणि त्याच धातूचा ‘सबाल’ म्हणजे ओझी वाहणारा हमाल. बेलला जनावरं वाहतात. इथे देव हमाल झाला आहे, आणि त्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांची माणसं आहेत. स्वतःच्या पायांवर चालणाऱ्याला कुणी वाहून नेत नाही. ज्याला वाहावं लागतं त्याच्यासाठीच ही ओवी आहे.

वयाचा हिशेब विचारणारेही पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहातल्या ‘पिर्केय आवोत’मध्ये आयुष्याचे टप्पे दिले आहेत: साठाव्या वर्षी ‘झिकना’, सत्तराव्या वर्षी ‘सेवा’, ऐंशीव्या वर्षी ‘गवुरा’ म्हणजे सामर्थ्य. हा शेवटचा शब्द स्तोत्र 90:10 वरून घेतलेला दिसतो. आमच्या आयुष्याचे दिवस सत्तर वर्षं, आणि ‘गवुरोत’ असलं तर ऐंशी. त्या मापाने तुमचे वडील सेवा ओलांडून गवुरेत जाऊन आठ वर्षं झाली होती. पण हे टप्पे बायबलनंतरचे. बायबलमध्ये सेवेला ठरलेलं वय नाही.

एक शब्द राहिला, ‘केलाह’. तो दोनदाच येतो, दोन्ही वेळा ईयोबात. ईयोब 5:26: ‘तू केलाहमध्ये कबरेकडे येशील, जशी धान्याची पेंढी आपल्या वेळी वर चढते.’ अर्थावर जुन्या काळापासून मतभेद आहेत. कुणी म्हणतं पूर्ण वय, कुणी म्हणतं न ओसरलेला जोम. मोशेच्या मृत्यूच्या वेळी त्याची ‘लेआह’, म्हणजे अंगातली ओल, गेली नव्हती असं अनुवाद 34:7 मध्ये आहे, त्याच्याशीही काहींनी नातं जोडलं. रब्बींनी अक्षरांची किंमत मोजली: ‘बकेलाह’मधल्या चार अक्षरांची बेरीज 60, म्हणून साठ वर्षं. मला स्वतःला ओवीतली पेंढीच सर्वांत भरवशाची वाटते. पीक तयार होतं, कापतात, पेंढ्या बांधून खळ्यावर रचतात. माझं आजोळ भातशेतीचं, त्यामुळे ही ओवी शिकवताना मला मळणीच्या आधी खळ्यावर रचलेली उडवी दिसते आणि तिचा वास येतो. दुसऱ्या ठिकाणी, ईयोब 30:2 मध्ये, ‘त्यांचा केलाह नष्ट झाला’ असं आहे, आणि त्यावरून आजच्या हिब्रूत कालबाह्य झालेल्या गोष्टीला ‘तिचा केलाह गेला’ म्हणतात.

मराठी भाषांतराबद्दल बोलायचं तर आपली भाषा इथे खूप नशीबवान आहे. ग्रीक भाषांतरकारांनी अब्राहामाच्या ओवीत ‘म्हातारपण’ असा सरळ शब्द घातला, केस गेले. लेवीयातल्या आज्ञेत मात्र त्यांनी केस ठेवले. एका हिब्रू शब्दाचे असे दोन शब्द झाले, आणि ‘ज्याच्यासमोर उभं राहायचं ते’ आणि ‘ज्यात अब्राहाम मेला ते’ एकच आहे हे वाचकाला दिसेनासं झालं. मराठीत केस ‘पिकतात’. फळ पिकतं, शेत पिकतं, केस पिकतात. ‘सेवा’मधले केस आणि ‘केलाह’मधली पेंढी हे दोन्ही आपल्या एका क्रियापदात मावतात. हिब्रूलाही ते जमलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून सबंध बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. साध्या बाईला वाचता यावी अशी मराठी त्यांना हवी होती. हे शब्द शिकवताना मला त्यांची आठवण येते, कारण इथे साधी मराठीच मुळाला सर्वांत जवळची आहे. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरांतही हिब्रू प्रार्थना आणि मराठी बोली शेजारी शेजारी नांदल्या. 19व्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी त्या प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणजे मराठी माणसाच्या घरात हे शब्द नवखे नाहीत.

उत्पत्ती 25:8 मध्ये आणखी एक शब्द आहे, आणि शक्य झाल्यास तोही दगडावर घ्यावा असं मला वाटतं: ‘सावेआ’, तृप्त. जेवून पोट भरलेल्या माणसासाठी हाच शब्द येतो. काही भाषांतरांत ‘दिवसांनी तृप्त’ असं वाचायला मिळतं. इसहाकाबद्दल आणि दावीदाबद्दल हिब्रूतही ‘दिवस’ आहेत. अब्राहामाच्या ओवीत मात्र परंपरेने आलेल्या हिब्रू पाठात ‘दिवस’ हा शब्दच नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी लोकांनी जपलेल्या हिब्रू पाठात तो सापडतो. हिब्रूत नुसतं ‘झाकेन व सावेआ’, म्हातारा आणि तृप्त. कशाने, ते सांगितलेलं नाही.

कोरणाऱ्याला द्यायच्या मजकुराविषयी. मराठी ओळीत मी ‘चांगल्या म्हातारपणी’ लिहिणार नाही, तुमच्या मनात जी शंका आली ती वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येईल. ‘पिकल्या केसांनी, शांतीने’ लिहा. ‘शांतीने’ ही माझी भर नाही, ते 15:15 मधलं ‘बशालोम’ आहे. हिब्रू ओळ ‘बसेवा तोवा’ ठेवा, नुसतं ‘सेवा तोवा’ नको. सुरुवातीचा ‘ब’ म्हणजे ‘मध्ये’, ओवीत तो आहे. पहिल्याच अक्षरानंतर जे अक्षर येतं त्याच्या माथ्यावरचा ठिपका डाव्या टोकाला हवा. तो उजवीकडे गेला तर ‘स’चा ‘श’ होतो. ठिपके आणि स्वरचिन्हं गाळून नुसती अक्षरं कोरली तर हाच शब्द ‘शिवा’ असाही वाचता येतो, आणि त्याचा अर्थ ‘परतणं’. म्हणून स्वरचिन्हांसह कोरून घ्या, उजवीकडून डावीकडे, आणि दगडाला हात लावण्यापूर्वी कागदावरचा नमुना मला दाखवा.